कमी करण्यासारखं

वजनकाट्यावरच्या माणसाने खिडकीतून डोकं बाहेर काढून आकडा सांगितला, आणि तिचा नवरा गाडीच्या छपरावर हात ठेवून म्हणाला, "गाडीत आता कमी करण्यासारखं काही राहिलं नाही. राहिली ती ही." बोट वगैरे दाखवलं नाही त्याने. हनुवटी जराशी तिच्याकडे वळवली, एवढंच. काट्यावरचा माणूस हसला. मागे भंगाराचा ट्रक वजनासाठी उभा होता, त्याचा ड्रायव्हरही हसला. ती गाडीतच होती, चालवणाऱ्याच्या सीटवर, पट्ट्यांनी करकचून बांधलेली, कारण शर्यतीत वजन धरतात ते चालवणाऱ्यासकट. आणि तीसुद्धा हसली. हेल्मेट तिच्या मांडीवर होतं. ते गदगदून हललं, इतकं मनापासून हसल्यासारखं हसली ती. पुढे कितीतरी दिवस तिला नवऱ्याच्या बोलण्यापेक्षा या हसण्याचाच जास्त राग येत राहिला. बोलणारा बोलून मोकळा झाला होता. पण हसणारीला कुणी जबरदस्ती केली होती?

परत येताना ट्रॉलीवर गाडी आणि पुढे टेम्पो, ती शिवणकाम करायची त्या सोफ्याच्या कारखान्यातून मागून आणलेला. टेम्पो तो चालवत होता. रस्त्यावर चालवायचा तो, शर्यतीत चालवायची ती, अशी त्यांची न ठरवता ठरलेली वाटणी होती. एका चौकात दिवा लाल झाला तेव्हा तो म्हणाला, मनाला लावून घेऊ नकोस हं, साधं गणित आहे. म्हणजे मनाला लागण्यासारखं काहीतरी आपण बोललो, हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर तिने सोडून दिलं असतं. ती बाहेर बघत राहिली. बाहेर टायरांचं दुकान, औषधांचं दुकान, मग एका शाळेची लांबच लांब भिंत. गणित. गणितात ती कुठे होती? इंजिन एवढं, गिअरबॉक्स एवढा, चाकं एवढी, आणि मग 'ही' एवढी. इंजिनाला नाव होतं, गिअरबॉक्सला नाव होतं. तिचं झालं होतं 'ही', आणि तीही उरलेली.

गाडी त्यांनी एका म्हाताऱ्या संगीतशिक्षकाकडून घेतली होती, आतून अगदी दिवाणखान्यासारखी सजवलेली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती आणून उभी केली आणि दुसऱ्या दिवसापासून तिला सोलायला सुरुवात केली. आधी मागची सीट, मग गालिचा, रेडिओ, मग बाजूची सीट. गाडीच्या तळाला आवाज दाबणारं डांबरी अस्तर असतं, ते गरम हवेच्या पिस्तुलाने मऊ करून पटाशीने खरवडायचं. ते तिने केलं, सगळंच्या सगळं, पोटावर पडून. नखांत काळं साचायचं ते घासून निघायचं नाही, आणि कारखान्यात पांढऱ्या सोफ्याच्या कापडावर तिच्या बोटांचे ठसे उठले म्हणून मुकादमीणबाईने चारचौघींत तिची कानउघाडणी केली होती. ते दिवस सुखाचे होते. आता रागात असूनही तिला तसं म्हणावं लागत होतं. काढलेली प्रत्येक वस्तू तो न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचा. आकडे त्याला तोंडपाठ असत, पण बोलताना दोघं आकड्यांत बोलत नसत. शेजारची एक लठ्ठ मांजर शेडमध्ये येऊन बसायची; तिला एकदा त्यांनी काट्यावर बसवलं होतं आणि तेव्हापासून तेच त्यांचं माप झालं होतं. काचा काढून प्लॅस्टिकच्या बसवल्या तेव्हा तीन मांजरी गेल्या. बॉनेट फायबरचं केलं तेव्हा तो ओरडत घरात आला होता, अगं, चार मांजरी आणि वर एक पिल्लू. कोणी ऐकलं असतं तर दोघांना वेड्यात काढलं असतं.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. फ्रेमच्या मापाची होईपर्यंत काच दगडावर धरायची, फिरवायची, बघायची, पुन्हा धरायची. कमी करणं हा त्याचा धंदाच होता, आणि त्याला तो मनापासून आवडायचा. घरी जेवताना पोळीचा जाड काठ तो चिमटीने तोडून बाजूला ठेवी. पत्र पाठवायचं असलं तर कागदाची कोरी बाजू कापून टाकी. लग्नाच्या सुरुवातीला तिला या सवयीचं कौतुक वाटायचं. आपल्या माहेरी सगळंच भरमसाठ, बोलणंही आणि भांडणंही, आणि हा माणूस कसा नेमका. आता टेम्पोत त्याच्या शेजारी बसल्यावर तिला पहिल्यांदाच जाणवलं, की इतकी वर्षं आपणही त्या दगडासमोर बसलो आहोत. मोठ्याने हसणं कमी कर. बहिणीशी फोनवर बोलणं कमी कर. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज कमी कर. यातलं काहीच त्याने रागावून सांगितलं नव्हतं. गोडीनेच. काच घासणाऱ्याचा हात हलकाच असावा लागतो, नाहीतर काच तडकते.

आणि गाडी ती चालवायची, ते काही त्याने तिच्यावर केलेले उपकार नव्हते. गावाबाहेर एक वापरात नसलेली धावपट्टी होती, तिथे पहिल्यांदा गाडी नेली तेव्हा दोघांनीही चालवून पाहिली होती. शर्यत म्हणजे सरळ पट्ट्यावर दोन गाड्या शेजारी शेजारी; दिवा हिरवा झाला की क्लच सोडायचा. झटकन सोडला तर चाकं जागीच फिरतात, सावकाश सोडला तर शेजारची गाडी निघून जाते. त्याचा पाय थरथरायचा. दर वेळी. तो खाली उतरून घाम पुसायचा, हसायचा, पुन्हा बसायचा, आणि पुन्हा त्याचा पाय थरथरायचा. ती बसली आणि तिच्या पायाला सगळं माहीत होतं. जाड कापडाच्या चार थरांवर टाका घालताना मशीनचं पेडल असंच दाबायचं आणि असंच सोडायचं असतं, केसाएवढं, नाहीतर सुई मोडते. गाडी सुटली आणि तिची पाठ सीटमध्ये रुतली. छातीवर कोणीतरी तळवा ठेवून तिला मागे दाबत होतं. गाल, खांदे, मांड्या, सगळं दुप्पट जड झालं. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचं जडपण आवडलं. जितकं जड वाटेल तितकी गाडी पळतेय, असा तिथे हिशोब होता. पट्टा संपला, वेग उतरला, अंग पुन्हा नेहमीचं झालं, तेव्हा तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं होतं. हे तिने त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने तेही मांजरीत मोजलं असतं.

टेम्पो घराच्या गल्लीत वळला आणि का कुणास ठाऊक, तिला वडिलांची स्कूटर आठवली. तिघी बहिणी, ती मधली. मावशीकडे जायचं असलं की थोरली मागे बसायची आणि धाकटी पुढे उभी राहायची, आणि वडील तिला म्हणायचे, तू राहा, तुला दुसऱ्या खेपेला नेतो, टायर बसेल नाहीतर. ते हसत म्हणायचे. ती हसत राहायची. फाटकाशी बूट घालून, केसांना रिबिन लावून उभी. वडील येत, घेऊन जात. स्कूटरवर एकटीच ऐसपैस बसायला मिळतं म्हणून तिला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. एकदा ते आलेच नाहीत. मावशीकडे कोणीतरी पाहुणे आले होते, गप्पांत विसरले. ती उन्हं उतरेपर्यंत फाटकाशी उभी होती. समोरच्या घरातल्या काकूंनी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा तिने सांगितलं, बाबा येताहेत. संध्याकाळी सगळे परतले, वडिलांनी कपाळावर हात मारला, आणि अख्खं घर हसलं. वर्षानुवर्षं सांगायची ती घरातली गंमत होऊन बसली. लग्नात तिच्या नवऱ्यालाही सांगून झाली होती. तोही हसला होता. तेव्हा तिला वाटलं होतं, किती चटकन आपल्यातला झाला.

त्या आठवड्यापासून घरात जेवणाची मापं सुरू झाली. तो वाढायला लागला. एरवी ताट घेऊन बसणारा माणूस स्वतः उठून तिला वाढू लागला, म्हणजे किती वाढायचं ते त्याच्या हातात राहील. शर्यत महिन्यावर आली होती, आणि गेल्या खेपेला त्यांना नाकभर अंतराने हरवणारा दातांचा डॉक्टर यंदा आपल्या आयत्या विकत घेतलेल्या लाल गाडीत आणखी काय काय करून घेणार आहे, याच्या बातम्या तो रोज दुकानातून घेऊन यायचा. डॉक्टरसुद्धा शिडशिडीत आहे, असं तो म्हणाला. दाताच्या डॉक्टरला कोण जेवायला घालणार, असं ती म्हणाली. तो हसला नाही. मग एकदा भात वाढता वाढता तो सहज म्हणाला, "तू नुसत्या दोन मांजरी कमी केल्यास ना, तर डॉक्टर मागे राहील."

तिचा हात ताटातच थांबला. मांजर हे त्या दोघांचं गुपित होतं. त्या काळ्या नखांच्या, डांबराच्या वासाच्या, खुळ्या दिवसांतलं. ते उचलून त्याने तिच्या अंगावर टाकलं, आणि आपण काय उचललं हे त्याच्या गावीही नव्हतं. ती म्हणाली, माझं वजन हा माझा प्रश्न आहे. तो शांतपणे म्हणाला, शर्यतीच्या दिवशी नाही.

आणि तरीही तिने खाणं तोडलं. हे तिला स्वतःचं स्वतःला सांगताना लाज वाटत होती. सकाळी नुसता चहा, दुपारी काकडी. कारखान्यात बायका डबे उघडून बसल्या की ती कामं काढून उठायची. चौथ्या-पाचव्या दिवशी मशीनवर तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि सुई बोटात शिरली, नखातून आरपार. रक्त कापडावर पडू नये म्हणून तिने आधी कापड बाजूला सारलं आणि मग बोट पाहिलं. मुकादमीणबाईने पट्टी बांधली, स्वतःच्या डब्यातलं तिला समोर बसवून खायला लावलं, आणि विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. ठीक आहे, ती म्हणाली, शर्यत आहे. बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग बाईंचा नव्हता. खाता खाता ती मनात नवऱ्याशी भांडत होती. इंजिन तुझं म्हणतोस, तर त्या इंजिनाला लागलेल्या चार वर्षांच्या सुट्ट्या कोणाच्या? डांबर कोणी काढलं? तुझा पाय थरथरतो ते आजवर मी कोणाला सांगितलं? लोक विचारतात, बायकोला चालवायला देता, कमाल आहे हो तुमची, आणि तू मान तुकवून कौतुक घेतोस, तेव्हा मी मूग गिळून गप्प बसते ते कशासाठी? घरी जाऊन यातलं एकही वाक्य ती बोलली नाही. बोट दाखवलं. त्याने हळद लावली, फुंकर घातली. तो वाईट माणूस नव्हता, यातच सगळा घोळ होता. वाईट असता तर तिचं काम सोपं झालं असतं.

मग अचानक त्याने तो विषयच सोडला. एका संध्याकाळी त्याने तिला पोटभर वाढलं आणि म्हणाला, नीट जेव, तोंड बघ केवढंसं झालंय. दोन दिवसांनी ती कामावर असताना तो आणि गाडीचं जोडकाम करणारा वेल्डर मिळून गाडी काट्यावर नेऊन आले. वजन उतरलं म्हणाला. कशाने, तिने विचारलं. थोडं इकडून, थोडं तिकडून, तो म्हणाला. भोकं पाडली, लहानसहान गोष्टी असतात. तो खुशीत होता, शीळ घालत होता. तिला भरून आलं. त्याला आपलं समजलं, बोट बघून समजलं, आणि तोंडाने कबूल न करता त्याने स्वतःच काहीतरी वाट काढली, असं तिने धरलं. इतके दिवस मनात त्याला जे जे बोललो ते आठवून तिला अपराध्यासारखं वाटलं. मनातल्या मनात तिने त्याची माफीसुद्धा मागितली. ही माफी पुढे तिला फार लागली. मागितलेली माफी परत घ्यायची काही सोय नसते.

गाडीच्या आत पाइपांचा पिंजरा होता. अशा गाडीत तो लागतोच. गाडी उलटली किंवा कशावर आदळली तर आतल्या माणसाचा चेंदामेंदा होऊ नये म्हणून छपराखालून, मागून आणि दोन्ही दारांशी पाइप वेल्ड केलेले असतात. चालवणाऱ्याच्या अंगालगतच्या पाइपांना फोम आणि वर न जळणाऱ्या कापडाचं कव्हर घालावं लागतं, असा नियम. ती कव्हरं ती शिवत होती. महिन्याच्या सुरुवातीला प्रत्येक पाइपाला सुतळी गुंडाळून तिने मापं घेतली होती आणि कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत एकेक करून शिवली होती, दुहेरी टाका, आतून चिकटपट्टी. तिला सुट्टी होती आणि तो दुकानात गेला होता त्या दुपारी ती शेडमध्ये गेली. कव्हरं मी चढवीन, तू ठेव नुसती, असं तो म्हणाला होता. पण त्याला आल्यावर एकदम सगळं तयार दिसावं असं तिला वाटलं. डोक्यावरचं कव्हर चढवलं, हातमोजा चढावा तसं बसलं. मागचं बसलं. मग दाराकडचं. आत शिरताना ज्याच्यावरून पाय टाकावा लागतो, आणि बसल्यावर जो बरोबर उजव्या बरगडीशी येतो तो पाइप. कव्हर चढलं आणि फिरलं. हाताने धरून दाबलं, सोडलं, पुन्हा फिरलं. सैल, लहान पोराच्या अंगात मोठ्याचा सदरा घालावा तसं.

चुकलं आपलं, हेच तिच्या मनात आधी आलं. उपाशीपोटी शिवलं तेव्हा चुकलं असणार. तिने कव्हर उतरवलं, टाका तपासला, माप तपासलं. सुतळीचा मापाचा तुकडा कव्हरालाच टाचलेला होता. तो तिने काढून पाइपाभोवती गुंडाळला, आणि सुतळीची दोन्ही टोकं एकमेकांना भेटून पुढे निघून गेली. मग तिने नीट पाहिलं. पाइपावर काळा रंग होता, पण हा काळा ताजा होता, त्याला अजून वास होता. तिने नखाने टिचकी मारली. मग पलीकडच्या दाराशी जाऊन त्या बाजूच्या पाइपाला मारली. तो घुमला. हा नुसता टणटणला, पत्र्याच्या डब्यासारखा. खालचा दुसरा पाइपही तसाच. ती चालवणाऱ्याच्या सीटवर बसली, पट्टे न लावता, आणि त्या पाइपावर कोपर ठेवून बसून राहिली. दारं त्यांनी केव्हाच पोकळ करून टाकली होती. बाहेरचा पातळ पत्रा, मग हा पाइप, मग ती. शर्यतीत शेजारच्या पट्ट्यावर डॉक्टरची गाडी असते, ती याच बाजूला. गेल्या वर्षी एका गाडीचं मागचं चाक निखळून ती आडवी झाली होती आणि शेजारच्या गाडीच्या दारात शिरली होती. त्या गाडीतला माणूस चालत बाहेर आला होता. घरी येताना नवराच म्हणाला होता, बघितलंस, दाराकडच्या पाइपाने वाचला.

वेल्डरचं दुकान मागच्या गल्लीत होतं. ती चालत गेली. हातात कव्हर होतं, ते ठेवायचं राहून गेलं होतं. वेल्डर फाटकाची कडी जोडत होता. तिला पाहून त्याने तोंडावरची काच वर केली आणि स्टूल पुढे केलं. ती बसली नाही. दाराकडचे पाइप तुम्ही बदलले का, तिने विचारलं. बदलले की, तो म्हणाला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज उतरला. "वहिनी, तुम्हाला विचारूनच करतोय म्हणाला तो. मी दोनदा विचारलं. चालवणार त्या, म्हटलं, त्यांना चालेल का." मग फक्त एकाच बाजूचे का बदलले, तिने विचारलं. वेल्डर घुटमळला. दुसऱ्या बाजूचे उघडे असतात, तपासणारा माणूस तेच मोजतो, असं तो म्हणाला होता म्हणे. या बाजूला तुमचं कव्हर येतं. कव्हराखाली कोण बघतंय.

तिने हातातल्या कव्हराकडे पाहिलं. दुहेरी टाका. बोटावरची पट्टी अजून होती. कोपऱ्यात भंगारात जुने पाइप पडले होते. तिने न विचारता त्यातला एक उचलला, आणि वेल्डरकडून नव्या बारीक पाइपाचा उरलेला तुकडा मागून घेतला. एका हातात हा, एका हातात तो. सोफ्याच्या कापडाचे तागे उचलून उचलून तिच्या हातांना वजन कळत होतं. फरक होता, नाही असं नाही. पण दोन्ही पाइपांचा मिळून धरला तरी ती लठ्ठ मांजर दूरच, तिचं एखादं पिल्लू. एवढ्यासाठी. तिच्या बरगड्यांची किंमत त्याने किती लावली ते तिच्या हातात होतं, आणि ते इतकं थोडं होतं की तिला आधी रागच येईना, नुसतं कानात गरम गरम वाटत राहिलं. राग परत येताना आला, गल्लीच्या वळणावर. भात कमी वाढला ते चाललं. चारचौघांत माझं हसं केलंस ते चाललं. पण हे करून वर तू मला म्हणालास, नीट जेव.

तो आला तेव्हा बाहेर अजून उजेड होता. ती शेडमध्ये गाडीशी उभी होती. दाराकडच्या पाइपावर तिने ते सैल कव्हर चढवून ठेवलं होतं. त्याने ते पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि हातातली पिशवी खाली ठेवली. तिला वाटलं होतं तो नाकबूल करेल. त्याने केलं नाही. तो समजावून सांगू लागला, दुकानात गिऱ्हाइकाला समजावतो तशा आवाजात. सरळ पट्टा आहे, वळण नाही, समोरून कोणी येत नाही. इतकी वर्षं आपण करतोय, कधी काही झालंय का. पाइप अगदीच काढून टाकलेले नाहीत, आहेत ना जागेवर. आणि तुला उपाशी ठेवण्यापेक्षा हे बरं, असा मी विचार केला, तुझ्यासाठीच केला. तुला सांगितलं असतं तर तू उगाच घाबरली असतीस. ती ऐकत होती. तिला जे जे म्हणायचं होतं ते इतक्या वेळा मनात म्हणून झालं होतं की आता त्यातलं काहीच उरलं नव्हतं. बोलली ती भलतंच.

"तू चालव."

त्याला आधी कळलं नाही. मग तो कसंनुसं हसला, आणि माझा पाय तुला माहीतच आहे, असं काहीसं म्हणाला.

"पाय थरथरू दे. तू माझ्याहून केवढा हलका आहेस. तू बसलास की डॉक्टर तिथेच मागे राहील. साधं गणित आहे. बस."

तो उभाच राहिला. ती वाट बघत होती. शेवटी, बायकोची समजूत घालायला इतकं तर करू, अशा चेहऱ्याने तो पुढे आला, छपराला हात धरला आणि एक पाय पाइपावरून आत टाकला. मांडी कव्हराला लागली. कव्हर पाइपाभोवती फिरलं. तो तसाच थांबला, एक पाय आत, एक बाहेर. त्याने हात खाली नेऊन कव्हराच्या आतून पाइप चाचपला. काचेची कड चाचपतो तसा, अंगठा आणि तर्जनीने. मग आतला पाय त्याने हळूच बाहेर घेतला.

"नको," तो म्हणाला. "असं नको. आधी जुने पाइप बसवून घेऊ. उद्याच सांगतो त्याला."

"वजन वाढेल."

"वाढू दे."

एका श्वासात. आकडा नाही, मांजर नाही, इकडून थोडं तिकडून थोडं नाही. इतके दिवस जे वजन त्याने तिच्या ताटातून, तिच्या बरगडीशेजारून चिमटीने उचललं होतं, ते त्याने इतक्या सहज सोडून दिलं की म्हणून झाल्यावर स्वतःलाच ते ऐकू आलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. म्हणजे, मला म्हणायचं होतं, असं त्याने दोनदा सुरू केलं, आणि दोन्ही वेळा वाक्य पुढे गेलं नाही. हसू आलं नाही तिला. हसायची जागा होती, सवयीने ओठ हललेही असते, पण नाही आलं.

महिनाअखेर शर्यतीला ती गेली, जुन्या पाइपांसकट, सकाळी पोटभर खाऊन. डॉक्टर पुन्हा पुढे गेला, नाकभराहून थोडा जास्तच. नवरा कठड्याशी उभा होता. तिने हेल्मेट काढलं तेव्हा तो पाणी घेऊन आला. त्या घरात बोलणं आणखी कमी झालं होतं, पण आता ते कमी करणारी ती होती. हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी तिने फळीवरची लोखंड कापायची करवत काढली, कव्हर ओढून बाजूला फेकलं, आणि पातं पाइपावर टेकवलं. तो म्हणाला, कापू नकोस, वेल्डर उद्या नीट काढेल. मग म्हणाला, दे, मी कापतो. तिने त्याला कोपराने मागे सारलं. पाय रोवले, दोन्ही हातांनी करवत धरली आणि तिच्यावर आपलं सगळं अंग टाकलं, होतं नव्हतं तेवढं. ताजा रंग सालीसारखा उडाला. पाइप पातळ होता. फार वेळ लागला नाही.